वळचणीखालची सात मुलं

वाल्देसोतोच्या देवळाला उत्तरेकडून लागून, छपराच्या पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात, सात लहान कबरी होत्या. वर दगड नव्हते, नावं नव्हती. जन्मताच गेलेल्या मुलांना गाव तिथे पुरत असे, देवाच्या घरावरून उतरणारं पाणी त्यांच्या अंगावर पडत राहावं म्हणून. त्या सातही मुलांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं होतं ओलाया सुईणीनं. सातातलं एक मूल तिच्या स्वतःच्या पोटचं होतं. बावीस वर्षांपूर्वी घरात दुसरं कोणी नसताना, पेंढ्यावर पडल्या पडल्या तिनं हात लांब करून घडा ओढला होता आणि ओंजळभर पाणी त्याच्या टाळूवर सोडलं होतं.

बाप्तिस्म्याचे शब्द तिला दोम्नो मुनियोंनी शिकवले होते. ते गावचे धर्मगुरू, सगळे मानानं त्यांना दोम्नो म्हणत; तेव्हा ते तरुण होते. म्हणाले होते, "मूल तग धरत नाही असं दिसलं तर माझी वाट बघत बसू नकोस. मी डोंगरावरून खाली येईपर्यंत ते जाईल. तूच पाणी घाल आणि म्हण." आणि तिनं म्हटलं होतं, "यो ते बातेयो, एन नोम्ने देल पाद्रे, ए देल फिल्यो, ए देल स्पिरितो सांतो." मी तुला न्हाऊ घालते, बापाच्या, लेकाच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. पाठ करायला तिला वेळच लागला नाही. रोजच्या बोलण्यातलेच तर शब्द.

त्या वर्षी चेस्टनट पडायला लागले आणि गिराल्द आला.

राजानं जुनी उपासना बंद करून रोमची नवी आणली आहे, हे गावाच्या कानावर आलं होतं. पर्वतापलीकडून मठवासी येतात, एकेका गावी राहून धर्मगुरूंना तपासतात, अशीही बातमी होती. पण वाल्देसोतोपर्यंत कोण कशाला चढून येतोय, असं सगळ्यांना वाटत होतं. गिराल्द चढून आला. तिशीचा, किडकिडीत, ओठ थंडीनं फुटलेले, सारखा खोकणारा. खेचरावर एक पेटी होती, पेटीत पुस्तक होतं.

रविवारी देवळात त्यानं स्वतः वाचलं. आजवर दोम्नो मुनियो वाचत तेव्हा निम्मं तरी समजायचं. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, त्यांच्या तोंडून ते गावच्या बोलीसारखंच बाहेर पडायचं, थोडं जुनाट, आजीनं बोलावं तसं. गिराल्दनं मात्र प्रत्येक अक्षर वेगळं, टोकदार उच्चारलं. डोळ्यांना दोम्नो मुनियो 'ओल्योस' म्हणत, गिराल्द 'ओकुलोस' म्हणाला.

"काय म्हणाला हा?" फोर्तुन लोहार मागून कुजबुजला. "कुल्ले म्हणाला का देवळात?"

बायकांनी पदरात तोंडं लपवली. ओलायालाही हसू आवरेना. पण वाचन लांबत गेलं तसं हसू ओसरलं. ती कान देऊन ऐकत होती आणि तिला एकही शब्द लागत नव्हता. आपण बहिरे झालो की काय असं वाटून तिनं शेजारणीकडे पाहिलं, तर शेजारीणही तिच्याचकडे पाहत होती.

उपासना संपल्यावर दारात फोर्तुननं विचारलंच, "बाबा, तुम्ही कुठल्या भाषेत वाचलंत?"

"लातिन," गिराल्द म्हणाला. गावची बोली तो मोडकीतोडकी बोलायचा. "तुमचा धर्मगुरू पुस्तक वाचत नाही. तो पुस्तक चावते."

"पण आम्ही बोलतो ती लातिनच ना? दोम्नो मुनियो तर तसंच सांगतात. आम्ही जरा गावंढळ बोलतो, एवढंच."

गिराल्दनं मान हलवली. "नाही. ते लातिन नाही."

"मग आम्ही काय बोलतो?"

"माहीत नाही," गिराल्द म्हणाला. त्याला यात अपमान करायचा नव्हता, खरंच माहीत नसल्यासारखा तो बोलला. "त्याला नाव नाही."

दारातली माणसं एकेक करून घरी निघाली.

मंगळवारी गिराल्द देवळाभोवती फिरून कबरी पाहत होता. उत्तरेच्या भिंतीशी गोतो बसली होती. गोतो वीस वर्षांची, तिची पहिली मुलगी बारा दिवसांपूर्वी जन्मली आणि दोन-चार श्वास घेऊन गेली. ती रोज सकाळी तिथे येऊन बसायची. गिराल्दनं तिची मायेनं चौकशी केली, बाप्तिस्मा झाला होता का विचारलं. गोतोनं अभिमानानं सांगितलं, "झाला तर! ओलायामावशीनं केला. मी कानांनी ऐकलंय." आणि तिनं ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले.

गिराल्दचा चेहरा पडला. त्यानं तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, "इकडं अजून किती मुलं? हीच बाई?"

"माझी धरून सात," गोतो म्हणाली. आपण काय करून बसलो हे तिला कळलं ते दुपारी, गिराल्दचा निरोप गावभर फिरला तेव्हा.

निरोप असा होता. दोम्नो मुनियो दीक्षा घेतलेले आहेत, त्यांच्या हातात पुस्तक होतं, म्हणून त्यांचे बाप्तिस्मे चालवून घेऊ. सुईणीच्या हातात पुस्तक नव्हतं. तिचे शब्द जर शब्दच नसतील, तर पाणी नुसतं पाणी. शनिवारी सकाळी तिनं सगळ्यांसमोर ते म्हणून दाखवावेत. चुकीचे निघाले तर सातही मुलं पवित्र जमिनीतून काढून कुंपणाबाहेर न्यावी लागतील.

कुंपणाबाहेर, ओढ्याच्या बाजूला, गाव मेलेली कुत्री टाकायचं.

ओलाया कणीक मळत होती तेव्हा गोतो दारात आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मावशी, माझ्या तोंडाला आग लागो. मला काय ठाऊक तो असा..."

"आत ये. दार लोट."

"ते खरंच उकरतील?"

"नाही गं."

"लोक म्हणतात, जिवंतांवर पुन्हा पाणी घालता येतं. मेलेल्यांचं काय करणार? ती तशीच अंधारात फिरत राहतील. माझी पोर एवढीशी, मावशी. तिला तर चालताही येत नाही."

ओलायानं कणकेचे हात तसेच गोतोच्या डोक्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती दोम्नो मुनियोंकडे गेली. ते गावच्या जुन्या गिरणीमागे भिंतीला टेकून उन्हात बसले होते. चार दिवसांत म्हातारे झाले होते.

"मला त्याच्यासारखं म्हणायला शिकवा," ती म्हणाली.

"शिकवतो. मलाही आता तसंच शिकावं लागतंय. माझी जीभ साठ वर्षांची आहे, ऐकत नाही." त्यांनी काडीनं धुळीत अक्षरं काढली. "बघ. एगो ते बाप्तिझो, इन नोमिने पात्रिस, एत फिलिइ, एत स्पिरितुस सांक्ति."

ती ऐकत राहिली. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. तिसऱ्यांदा ती थबकली.

"पात्रिस म्हणजे आपला पाद्रे?"

"तोच."

"आणि फिलिइ म्हणजे फिल्यो. नोमिने म्हणजे नोम्ने." तिचे डोळे मोठे झाले. "दोम्नो, हे तर आपलेच शब्द आहेत!"

"आपलेच, आणि त्यांचेही. माझ्या गुरूंना वाटायचं, पूर्वी सगळे असंच म्हणत. मग भट्टीवरून घरी नेताना प्रत्येकानं पावाचं टोक थोडं थोडं मोडून खावं, तसं प्रत्येक पिढीनं शब्दाचं टोक मोडलं. आपल्या हाती आलं ते एवढं."

"म्हणजे पाव तोच."

"मला तसं वाटतं. गिराल्दला वाटत नाही. आणि पुस्तक त्याच्याकडे आहे."

तीन दिवस ती शिकली. गुरांना पाणी पाजताना, लोकर विंचरताना, भट्टीपाशी पाळीची वाट बघताना ती ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. एगो. यो नाही, एगो. बातेयो नाही, बाप्तिझो. फिलिइपाशी जीभ दर वेळी घसरायची. तो शब्द तिनं आयुष्यभर हाक मारायला वापरला होता, त्याला असं ताठ उभं करणं तिला जमेना. भट्टीपाशी बायका तिला जागा करून देत, पण जवळ कोणी बसत नव्हतं. ज्यांच्या मुलांवर तिनं पाणी घातलं होतं आणि जी जगली होती, त्या आया तर तिची नजरच टाळत.

शुक्रवारी दुपारी दोम्नो मुनियोंनी तिला सगळं म्हणायला लावलं. नीट आलं. तरी ते खूश दिसेनात.

"ओलाया, तो नुसतं म्हणायला लावणार नाही. गोतोनं त्याला तुझे जुने शब्द ऐकवलेत. तो विचारेल, तू नेहमी हेच म्हणत आलीस का. आणि आपल्या देवळातल्या, संताचं हाड ठेवलेल्या पेटीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावेल."

ती खालीच बसली.

शेजारच्या गावातला ओबेको तिला आठवला. द्राक्षमळ्याच्या बांधावरून त्यानं त्याच पेटीवर हात ठेवून खोटी शपथ घेतली होती आणि ईस्टरच्या आत त्याचं तोंड वाकडं झालं. ओलाया त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा तिनंच त्याला कांद्याचं सूप चमच्यानं भरवलं होतं. अर्धं सूप हनुवटीवरून गळत होतं आणि त्याचे डोळे मात्र पूर्ण शुद्धीवर होते. ते डोळे तिला विसरता येत नव्हते. आणि ते तर नुसतं शरीराचं झालं. आत्म्याचं काय होतं ते कोणी पाहून आलेलं नव्हतं.

"मी काय सांगू, दोम्नो?"

"ते मी सांगू शकत नाही. खोटं बोल म्हणालो तर मीही तुझ्याबरोबर नरकात जाईन. खरं बोल म्हणालो तर..." त्यांनी देवळाच्या भिंतीकडे पाहिलं. "उद्यासाठी त्यानं फोर्तुनकडून दोन फावडी मागवलीत."

"पण तुम्हीच म्हणालात, पाव तोच आहे. मग मी नेहमी हेच म्हणत आले, हे खोटं कसं?"

"मला माहीत नाही गं," दोम्नो मुनियो म्हणाले. "देवाशप्पथ माहीत नाही."

शनिवारी सकाळी सगळं गाव देवळात होतं. फावडी उत्तरेच्या भिंतीला टेकवून ठेवली होती आणि गोतो त्यांच्यापुढे जमिनीवर आडवी पडली होती. कोणी उठवायला गेलं की दातओठ खाऊन म्हणायची, "आधी मला पुरा." तिच्या नवऱ्यानं शेवटी तिच्यावर घोंगडी घातली आणि तो तिच्याशेजारी बसून राहिला.

आत गिराल्द वेदीपाशी उभा होता. त्याच्यासमोर पेटी होती, वीतभर, चांदीचा पत्रा ठोकलेली. त्यानं कागदावर पाहून पुकारलं, "एउलालिया!"

कोणीच पुढे आलं नाही. ओलाया घाम पुसत उभी होती, आपल्याआधी आणखी कोणाला बोलावलंय असं समजून तिला क्षणभर हायसं वाटलं.

"एउलालिया!" आवाज चढला. तिसऱ्यांदा तो म्हणाला तेव्हा लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"तूच ती," दोम्नो मुनियो तिच्या कानाशी म्हणाले. "ओलाया म्हणजे एउलालिया. लिहिताना तसं लिहितात. जा."

पन्नास वर्षं ती ज्या नावाला ओ देत होती तेही मोडकंच होतं तर. पाय ओढत ती पुढे गेली.

"बाई, बोल. मूल मरतंय, तू पाणी टाकते. काय बोलते?"

"एगो ते बाप्तिझो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "इन नोमिने पात्रिस. एत फिल्..."

जीभ घसरली. फिल्यो ओठांपर्यंत आलाच होता, तिनं तो दातांनी अडवला. बाहेरून गोतोचं कण्हणं ऐकू येत होतं.

"पुन्हा," गिराल्द हळूच म्हणाला.

ती पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. या वेळी एकेक अक्षर चिमट्यात धरून ठेवावं तसं ठेवत गेली. "एत फिलिइ. एत स्पिरितुस सांक्ति."

मागे कोणीतरी हुंदका दिला. गिराल्दनं पेटी तिच्याकडे सरकवली. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. त्यानं गोतोच्या तोंडून ऐकलं होतं, सगळं त्याला ठाऊक होतं. हे शब्द चार दिवसांपूर्वी तिच्या तोंडात नव्हते, हे तिच्या अडखळण्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं.

"हात ठेव. तू नेहमी हेच शब्द बोलते?"

चांदी बर्फासारखी थंड होती. तिला ओबेकोच्या हनुवटीवरचं सूप दिसलं. मग तिला तो पेंढा दिसला, तो घडा, आणि ओंजळीत मावेल एवढं तिचं पोर, ज्याच्या कानात तिनं फिल्यो म्हटलं होतं. त्या दिवशी देवानं ते ऐकलं नसेल, तर कुणाचं ऐकलं असेल? आणि ऐकलं असेल, तर ते हेच शब्द होते. पण हे तिला वाटत होतं. पेटीतल्या हाडाला काय वाटतं, ते कसं कळणार?

"हेच," ती म्हणाली.

"हेच?"

"हेच शब्द. नेहमी हेच."

पुढचा प्रश्न तिला माहीत होता. मग गोतोनं ऐकलं ते काय? तो आला की ती संपणार होती. गिराल्दनं तोंड उघडलं. त्याला खोकल्याची उबळ आली, तो बराच वेळ खोकत राहिला, आणि खोकून झाल्यावर त्यानं पेटी घाईघाईनं उचलून फडक्यात गुंडाळली. "पुरे," तो म्हणाला. "लिहितो. शब्द बरोबर." मग कोणाकडेही न बघता, "ते फावडे घेऊन जा. लवकर."

लोक बाहेर धावले. फोर्तुननं दोन्ही फावडी खांद्यावर टाकली आणि तो उतारावरून जवळजवळ पळतच सुटला. बाया गोतोला उठवून मिठ्या मारत होत्या. ओलाया मात्र वेदीपाशीच उभी राहिली. ज्या हातानं शपथ घेतली तो तिनं काखेत दाबून धरला होता.

पहिला बर्फ पडायच्या आत गिराल्द गेला. जाताना तो तिच्या दारापाशी खेचर थांबवून उभा राहिला, काही बोलेल असं वाटलं, पण नुसती मान लववून पुढे निघाला. त्यानं जाणूनबुजून सोडलं की खोकल्यानं त्याला सोडायला लावलं, हे तिला कधीच कळलं नाही.

तो हिवाळा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. रोज सकाळी गुरांच्या हौदावरचा बर्फ फोडून ती पाण्यात तोंड बघायची. ओठांचे कोपरे बोटांनी चाचपायची. जेवताना घास गालात अडकला तरी तिच्या काळजाचा ठोका चुकायचा. ईस्टर आला, गेला, तोंड होतं तसंच होतं. पण त्यानं तिला धीर आला नाही. कदाचित शिक्षा पुढची असेल, नंतरची. गाव तिला पुन्हा मावशी म्हणून हाक मारू लागलं, भट्टीपाशी तिच्याशेजारी बसू लागलं, आणि ती मनात म्हणायची, तुम्हाला काय माहीत तुम्ही कुणाशेजारी बसलाय.

वसंतात फोर्तुनच्या सुनेला मूल झालं ते निळं. ओलायानं पाणी घेतलं आणि नवे शब्द म्हटले, एकही न चुकता. बाळ हललं नाही. आपण कुणाशी तरी परक्याशी बोललो आणि त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही, असं तिला वाटलं. मग विचार न करता तिनं पुन्हा पाणी घेतलं आणि बाळाच्या कानाशी वाकून आपले जुने शब्द म्हटले. जरा वेळानं पोरगं खाकरलं आणि रडलं.

ती धावतच दोम्नो मुनियोंकडे गेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "दोनदा? अगं, एकाच जिवाला दोनदा बाप्तिस्मा देणं हे मोठं पाप आहे!"

"पण दोन्ही एकच शब्द असतील तर मी एकदाच म्हणाले ना?"

"एकच असतील तर तू दोनदा दिलास. वेगळे असतील तर एकदाच दिलास, पण मग ती शपथ..." ते थांबले. "कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "मीही ऐकलं नाही."

त्यानंतर तिनं दोन्ही एकत्र कधीच म्हटले नाहीत. नवेच म्हणायची, मोठ्यानं, साक्षीदार ठेवून. मूल गेलं तर वळचणीखाली कोणी बोट लावणार नाही याची खात्री करून घ्यायची. पण घरी येऊन रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे.

पुढे तिचे हात थरथरायला लागले तेव्हा गोतो तिच्याकडे काम शिकायला आली. गोतोला आता तीन मुलं होती. नाळ कशी बांधायची, आडवं आलेलं मूल कसं फिरवायचं, सगळं शिकवून झाल्यावर ओलायानं तिला शब्द शिकवले. एगो ते बाप्तिझो. गोतोनं ते भराभर उचलले, तिची जीभ तरुण होती. मग तिनं अर्थ विचारला आणि ओलायानं एकेक करून सांगितला.

"मग तू माझ्या पोरीला म्हणालीस तेच की हे!" गोतो म्हणाली. "मावशी, मग सरळ आपल्यासारखंच का नाही म्हणायचं? आईलाही कळेल."

"नाही म्हणायचं."

"अगं, पण कोण ऐकतंय इथे?"

ओलाया उठली. तिनं दाराबाहेर डोकावून रस्त्याच्या वळणापर्यंत नजर टाकली. खेचर नव्हतं, माणूस नव्हता. तिनं दार आतून लावून घेतलं, अडसर घातला आणि मगच ती गोतोशेजारी येऊन बसली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आणि फिलिइ नीट म्हण."